देवळाची जुनी जागा

माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगा जन्मला होता. बारशाच्या आधीच तो गेला, म्हणून त्याला नाव नाही. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्यात बायका तिथे जात नाहीत. बाबा आणि शेजारचे एक अण्णा त्याला घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. कुठे पुरलं हे बाबांनी कधी सांगितलं नाही. ‘तळ्याकाठी’ एवढंच. आईने पुढे काही विचारलं की त्यांना नेमकं कुठलं तरी काम आठवायचं. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. मशीनबद्दल विचारा, तासभर बोलतील.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी आम्ही राहतो त्या के. आर. पुरमच्या आसपासच्या तळ्यांचे नकाशे करायला घेतले, तेव्हा यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. जुना कागदी नकाशा स्कॅन करायचा आणि आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा, असं ते काम. त्यासाठी दोन्हींत सापडतील अशा, न हललेल्या जागा शोधून खुणा करायच्या. मग सॉफ्टवेअर जुना नकाशा ओढूनताणून त्या खुणांवर बसवतं. आमच्या घराजवळच्या तळ्याचा नकाशा मात्र बसेना. तळ्याचा बांध जुळवला की मारम्माचं देऊळ सरकायचं, देऊळ जुळवलं की बांध. तळं कधीच बुजवलेलं, बांधाचा एक तुकडा कसाबसा उरलेला. देवी काही जागा सोडून जात नाही, असं ठरवून मी बांधाची खूण काढून टाकली. नकाशा झकास बसला.

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली ती तेव्हाच. तळ्याशेजारच्या एका चौकोनावर बोट ठेवून तिने विचारलं, “हे काय गं?”

“स्मशान.”

“तळ्याकाठी एकच होतं?”

“एकच.”

“मग आता तिथे काय आहे?”

मला तेव्हा कळलं ती काय विचारतेय ते. मी वरचा नकाशा फिकट केला. खालून एक छोटी बाग दिसायला लागली, करंजाची झाडं असलेली. आई बराच वेळ वाकून बघत राहिली. त्यानंतर ती त्या बागेत जायला लागली. बाबांना सांगायची, बागेत चालायला जाते. “सावली आहे तिथे,” एवढंच ती मला म्हणाली. त्या दिवसांत तिचा चेहरा असा निवांत दिसायचा की मला माझ्या कामाचा गर्व वाटायला लागला.

प्रकल्प जमा करायच्या आधी बाबांनी नकाशे तपासायला मागितले. निवृत्तीनंतर ते घरातलं सगळंच तपासतात, दुधाच्या पिशव्यासुद्धा.

“हे देऊळ चुकलंय,” ते म्हणाले.

“बाबा, उपग्रहचित्रात दिसतंय ते. बघा ना.”

“दिसतंय ते नवीन. रस्ता रुंद केला तेव्हा देऊळ हलवलं. जुनं पलीकडच्या बाजूला होतं. दारात नळ होता, तिथे मी हात धुतले...” ते थांबले.

मी त्यांनी दाखवलेल्या जागेवर देवळाची खूण केली आणि बांधाची खूणही परत घातली. या वेळी दोन्ही जुळली. स्मशानाचा चौकोन बागेतून निघाला आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला.

“हो. इथेच,” बाबा म्हणाले. मग त्यांनी त्या बागेकडे पाहिलं. “ती म्हणून तिथे जाते?”

मी मान हलवली.

“सांगू नकोस तिला. राहू दे ती बाग.”

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं स्वतः तोंड शिवून बसले आणि आता माझंही शिवायला निघाले! मायेपोटीच म्हणत होते, हे कळत होतं मला, तरीही राग आला. आईने खोट्या जागेवर बसून त्याला आठवावं, तेही माझ्या चुकीमुळे, हे मला सहन होईना. मी स्वयंपाकघरात गेले, आईला बाहेर आणलं आणि बाबांच्या देखत तिला सगळं सांगितलं.

आई स्क्रीनकडे बघत होती. वाटलं रडेल, पण रडली नाही. तिने बाबांना विचारलं, “तुमची कंपनीची बस याच रस्त्याने जायची ना?”

“हो.”

“रोज?”

“रोज,” बाबा म्हणाले. “मी खिडकीशी बसायचो.”

“तुम्ही रोज त्याच्याजवळून जात होतात,” आई म्हणाली. “मला एकदा तरी न्यायचंत हो.”

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी आम्ही तिघं सिटी बसने निघालो. बस भरलेली होती. बाबांनी खिडकीशी बसलेल्या एका मुलाला, “अण्णा, स्वल्प जागा बिडी,” अशी कानडीत जागा मागून उठवलं आणि आईला तिथे बसवलं. स्वतः तिच्या सीटला धरून उभे राहिले. पूल मागे पडल्यावर ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, “आलं.”

आईने काचेवर हात ठेवला. बाहेर बाइकवाले, डिलिव्हरीवाले, दुभाजकावरच्या कुंड्या. पुढे सिग्नल लागला होता. ट्रॅफिक सुटू नये असं मला जन्मात पहिल्यांदाच वाटलं. पण सुटलं.

बस हलली तशी आई म्हणाली, “अजून एकदा.”

पुढच्या स्टॉपला आम्ही उतरलो, रस्ता ओलांडला आणि उलट्या दिशेची बस धरली.