बासुंदी लोखंडासारखी लागली

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या गोळ्या आणल्या, इथं परदेशात मुलाच्या घराजवळ बॉटनी नावाचं उपनगर आहे, तिथल्या मॉलजवळच्या केमिस्टकडून. नळी घालून पाहिलं तेव्हा पोटात जंतू निघाले होते. डॉक्टर इंग्रजीत बोलला, सूनबाईनं मराठीत सांगितलं, आणि ऐकलं हिनं. मी खिडकीतून गाड्या बघत होतो. माझ्या औषधपाण्याचं नेहमी तीच ऐकायची. येताना म्हणाली, "अहो, हळू चाला, शर्यत लागलीय का?" घरी आल्यावर चहा केला, प्यालो. दुपारी ती झोपली, ती उठलीच नाही.

पुढचं सगळं मुलानं केलं. इथं अग्नी द्यायलासुद्धा आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. गोळ्या ओट्यावर तशाच पडल्या होत्या. काही दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबा, सुरू करा आता. आईनंच आणल्यात ना?" म्हणून सुरू केल्या.

लगेच तोंडात लोखंड आलं. पाणी प्यालो तरी लोखंड. पोटात तर काही ठरेना. मला वाटलं, दुःख असंच बाहेर पडत असेल. बायको मरायची माझी ही पहिलीच वेळ, कसं असतं मला काय माहीत!

तेराव्याला पूजा चालू असताना मी उठलो. भटजी म्हणाले, "आजोबा, एवढं होऊ द्या की."

"पोटाला सांगा," म्हटलं आणि पळालो.

मग गोड जेवण. दुखवटा सोडायचा म्हणून पहिला घास माझा. सूनबाईनं बासुंदी केली होती, हिच्यासारखीच, जायफळ घालून. चमचा तोंडात घातला आणि गंजका खिळा चोखल्यासारखं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाटी खाली ठेवली. "हिला दुखवटा सोडायला नकोय," म्हणालो. संध्याकाळी गोळ्याही घेतल्या नाहीत. दुःखावर गोळ्या कशाला?

सूनबाई समोर येऊन बसली. "बाबा, आईंनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"काय?"

"या गोळ्यांनी तोंड असंच होतं, जुलाबही होतात. कोर्स संपला की जातं, पण मधे सोडायच्या नाहीत, नाहीतर जंतू राहतात. आई म्हणाल्या होत्या, मी सांगते त्यांना, तुझं नाही ऐकायचे."

आता कधी सांगणार ती?

रात्रभर विचार केला, काही जुळेना. लोखंड गोळ्यांचं, जुलाब गोळ्यांचे. मग माझं दुःख कुठाय? रडू तर अजून आलेलंच नाही. लोखंड आणि जुलाब यांनाच दुःख समजून मी बसलो होतो.

सकाळी दहीभात खाल्ला आणि गोळ्या घेतल्या. उरलेल्या बासुंदीची एक वाटी भरली, वर झाकण घातलं आणि फ्रीजरमध्ये ठेवली. सूनबाईला म्हटलं, "या वाटीला हात लावायचा नाही. कोर्स संपला की खाईन. गोड लागली तर लोखंड गोळ्यांचंच होतं."

"आणि नाही लागली तर?"

उत्तर द्यायच्या आत मला पळावं लागलं.