उजव्या डोळ्याचा भरवसा

नेऱ्याचे सुतार महादेव मिस्त्री चौकटीचा खांब सरळ आहे की नाही, हे काटकोनी गुण्याने कमी आणि नजरेने जास्त ठरवत. खांब खांद्याशी धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने धारेवरून बघायचं. केसाएवढा बाक सुटत नसे. डाव्या डोळ्याला चाळीस वर्षं मिटून राहण्यापलीकडे कामच नव्हतं. तो कधी अधू झाला ते कळणार तरी कसं?

कळलं ते गेल्या मार्गशीर्षात. रंधा मारताना उजव्यात भुसा गेला. तो डोळा हाताने झाकून ते उभे राहिले, तर समोर चहा घेऊन आलेली बायको, शकू, दिसेचना. आवाज तेवढा येत होता आणि कडेला अंगणाचा एक तुकडा दिसत होता.

पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टर चारुताबाईंनी यंत्रापुढे बसवलं. बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. उजव्याच्या वेळी बोट भराभर चाललं. डाव्याच्या वेळी महादेव नुसते वाट बघत बसले आणि शेवटी म्हणाले, यंत्र बिघडलंय. बाईंनी शांतपणे समजावलं की हा काचबिंदू आहे. डावा बराच गेलाय आणि गेलेलं परत येत नाही. उजव्याला नुकती सुरुवात आहे. दोन्ही डोळ्यांत रोज संध्याकाळी एकेक थेंब टाकायचा.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुखणं डाव्याला, मग औषध उजव्याला कशाला, असा महादेवांनी हिशेब केला. ज्याच्यावर पोट चालतं त्या धडधाकट डोळ्याला उगीच कशाला डिवचायचं? ते एकट्या डाव्यात थेंब टाकत राहिले आणि तो उजळायची वाट बघत राहिले.

सहा महिन्यांनी तपासणीला गेल्यावर महिन्याची बाटली आपण दोन महिने पुरवतो, हे त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. उजव्यातला दाब वाढला होता आणि नाकाच्या बाजूची थोडी नजर कायमची गेली होती.

"पन मना काय कमी दिसत नाय," महादेव म्हणाले.

"डाव्याचंही तुम्हाला असंच वाटत होतं," बाई म्हणाल्या.

वाळवीने पोखरलेल्या खांबापेक्षा शेजारच्या धड खांबाला आधी औषध मारा, असं गिऱ्हाइकांना बजावण्यात महादेवांची हयात गेली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी ओटीवर मान मागे टाकून त्यांनी बाटली शकूच्या हातात दिली.

"आधी उजव्यात," ते म्हणाले.

तिने थेंब टाकला. त्यांनी उजवा मिटून घेतला. डावा तर गेलाच, मग त्यात कशाला, असं तिने जरा चाचरतच विचारलं.

महादेवांनी डावा डोळा उघडा ठेवून तिच्याकडे बघितलं.

"त्यातबी टाक," ते म्हणाले. "कडेला तुजा हात दिसतोय अजून. तेवढा तरी ऱ्हाऊ दे."