काँक्रीटखालचं झाकण

निवृत्त झाल्यापासून लोक एक प्रश्न हमखास विचारतात. साहेब, सगळ्यात अवघड केस कोणती? त्यांना खून किंवा टोळीची भांडणं ऐकायची असतात. मी सांगतो ती हकीकत परळ भागातल्या एका गटाराची असते. ऐकणारे थोडे हिरमुसतात. माझ्या मनातून मात्र ती घटना गेलेली नाही. आजही कुठे रस्त्याचं काम चाललेलं दिसलं की माझे पाय थांबतात.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. भोईवाड्याच्या बाजूला एक अरुंद गल्ली आहे. एका अंगाला तीन मजली चाळ, समोर कॅथलिक कुटुंबांची जुनी दुमजली घरं. मे महिन्यात तिथे रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं. जूनच्या शेवटी एका दुपारी तासभर पाऊस पडला. मुंबईच्या मानाने त्यात विशेष काही नव्हतं. शेजारच्या गल्ल्यांत पावलं भिजतील एवढंच पाणी होतं. या गल्लीत मात्र अर्ध्या तासात मांडीपर्यंत पाणी चढलं.

चाळीच्या तळमजल्यावर एक निवृत्त कारकून राहत होते. अर्धांगवायूमुळे दोन वर्षं अंथरुणावर. कुशीवर वळताना खाली पडले तरी लागू नये म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले होते. त्यांच्या पत्नी औषधं आणायला गेल्या होत्या. जाताना रोजच्यासारखी बाहेरून कडी लावली होती. शेजारी माळ्यावर सामान चढवण्याच्या गडबडीत होते. त्यांच्या लक्षात येऊन त्यांनी दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पंचनाम्याला मी स्वतः गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ स्पष्ट उमटली होती. टेप लावला तर जमिनीपासून एकवीस इंच. पलंग होता अकरा इंच. त्या बाईंचा जबाब घेताना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

"कडी मी लावली होती. ते लिहिलंत का?"

"लिहिलं, वहिनी."

"नीट लिहा. मी लावली होती."

जबाब घेणारी आमची महिला उपनिरीक्षक सेवेत नवीन होती. ती खाली मान घालून लिहीत राहिली. ठाण्यात परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "सर, ही बाई स्वतःलाच आरोपी करून बसलीय."

मी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. गटाराची सफाई पावसाळ्यापूर्वी झालेली आहे. रस्त्याचं काम चालू असताना गटारावरच्या सर्व जाळ्या नियमाप्रमाणे झाकलेल्या होत्या. सोबत पाच जाळ्यांचे पाच फोटो. कागद इतके व्यवस्थित होते की प्रकरण तिथेच मिटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातल्या एक वृद्ध बाई ठाण्यात आल्या. पूर्वी फोर्टमधल्या एका ऑफिसात स्टेनो होत्या. गल्ली त्यांना आंटी म्हणते. हातात काठी. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला ओलांडून त्या थेट माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या.

"इन्स्पेक्टर, माझ्या गुडघ्यांनी मला खिडकीत बसण्याशिवाय काही काम ठेवलं नाही. तेव्हा मी जे बघितलं ते नीट बघितलंय."

"सांगा आंटी."

"रस्ता करताना जाळ्यांवर गोणपाट घालायचा असतो. बाजूने वाळूच्या पिशव्या. सिमेंटचं पाणी, खडी, काही आत जाऊ नये म्हणून. बरोबर? तर कामगारांनी घातला. एका जाळीवर. फोटो काढला. मग तोच गोणपाट उचलला, पुढच्या जाळीवर. परत फोटो. मागची जाळी उघडीच. मग खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे, सगळं झाडून आत."

"हे तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"वॉर्डात फोन केला ना. ते बोलले, मॅडम, आमच्याकडे फोटो आहेत."

त्या गेल्यावर उपनिरीक्षकेने पाचही फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि बराच वेळ त्यांवर वाकून राहिली. मग तिने पेन्सिलीचं टोक एकेका फोटोवर ठेवलं. गोणपाटाच्या एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ होतं. पाचही फोटोंत तेच ठिगळ, तोच कोपरा. पाच जाळ्या आणि गोणपाट एकच.

त्याच दुपारी निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल केला. जाळ्या उघडून तोंडाशी साचलेलं डेब्रिज, म्हणजे खडी-तुकड्यांचा राडारोडा, काढायला लावलं. मग महापालिकेच्या अभियंत्याला टँकर मागवायला सांगितलं आणि एका जाळीत पाणी सोडून पाहिलं. पाणी थोडं आत गेलं, थांबलं आणि पुन्हा वर आलं. म्हणजे खरा अडथळा आत कुठेतरी होता. शंभर पावलांच्या गल्लीत नेमका कुठे, ते कुणालाच सांगता येईना. जुना नकाशा होता, पण त्यातली मापं ज्या कोपऱ्यापासून घेतली होती ती इमारतच पडून नवी झाली होती.

त्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आला. परवा अतिवृष्टी आणि दुपारी मोठी भरती. भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही, हे परळ-लालबागच्या माणसाला सांगावं लागत नाही. अशा वेळी गटारात पोकळी असेल तेवढंच पाणी मावतं. इथे पोकळी नव्हती. चाळीच्या तळमजल्यावर सोळा बिऱ्हाडं होती.

रस्त्याचं काम केलेल्या ठेकेदार कंपनीच्या सुपरवायझरला मी नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. चाळिशीचा माणूस, लालबागला राहणारा, इस्त्रीचा शर्ट. आता त्याची बदली दादरच्या कामावर झाली होती. तो आरोपी म्हणून अटकेत नव्हता. उठून गेला असता तर त्या क्षणी मला फार काही करता आलं नसतं, आणि हे त्याला त्याच्या कंपनीच्या वकिलाने सांगितलेलं होतं.

पहिला तासभर त्याने सगळी उत्तरं कागदावरून वाचल्यासारखी दिली. जाळ्या झाकल्या होत्या. फोटो सादर केले आहेत. काम मंजूर झालेलं आहे. टेबलावर त्याचा मोबाईल सारखा थरथरत होता. प्रत्येक वेळी तो त्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

मी फोटो पुढे ठेवले. निळं ठिगळ दाखवलं. त्याने फोटो जवळ ओढून पाहिले.

"साहेब, गोणपाट कमी पडले असतील."

"असतील. गटार कुठे तुंबलंय?"

"मला कल्पना नाही."

"उद्या दुपारी भरती आहे."

"मी काय करणार त्याला, साहेब?"

पोलिसाला आवाज चढवायची सवय असते. मलाही होती. त्या दिवशी चढवला नाही, कारण हा माणूस घाबरून गप्प बसणाऱ्यांतला होता. असा माणूस ओरडलं की आणखी मिटतो. मी फाईल बंद केली आणि त्या मृत्यूबद्दल सांगायला लागलो. पावसाचा तास, बाहेरची कडी, अकरा इंचांचा पलंग.

त्याने मध्येच विचारलं, "कोणती खोली?"

"तळमजला. जिन्याच्या डावीकडची."

"दाराबाहेर निळं पिंप आहे ती?"

"तीच."

मोबाईल पुन्हा थरथरला. त्याने तो उलटा करून ठेवला.

"नोटिशीत नुसतं मयत इसम लिहिलं होतं, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, रस्त्यावर कोणी... ते अण्णा होते?" मग म्हणाला, "मे महिन्यात दुपारी त्यांच्याकडे बसायचो मी. काकू पंखा माझ्याकडे फिरवायच्या. अण्णांना बोलता येत नव्हतं नीट, पण मॅच लागली की डाव्या हाताने स्कोअर दाखवायचे."

उपनिरीक्षकेने जबाबाचा नवा कागद पुढे ओढला.

"गल्लीच्या मध्यावर गटारात उतरायचा एक चेंबर होता," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "रस्त्याची उंची वाढली की चेंबरचं तोंडही वर घ्यावं लागतं. वीटकाम करून दोन दिवस सुकू द्यावं लागतं. आमच्याकडे दोन दिवस नव्हते. पावसाच्या आधी रस्ता द्यायचा होता. झाडलेलं डेब्रिज त्यातच टाकलं, झाकण ठेवलं आणि वरून काँक्रीट ओतलं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. मीच ठरवलं. वरच्यांनी फक्त तारीख सांगितली."

त्याचा जबाब नोंदवला. रस्ता फोडायचं मशीन महापालिकेकडून दुसऱ्या दिवशी सकाळशिवाय मिळणार नव्हतं. सकाळी साडेसातला गल्लीत हजर राहा, असं सांगून त्याला जाऊ दिलं. उपनिरीक्षकेने विचारलं, "येईल का, सर?" मला खात्री नव्हती. वकील त्याला घरातून हलू देणार नाही असंच वाटत होतं.

सकाळी सातला मी पोहोचलो तेव्हा आभाळ काळं होतं, पाऊस सुरू व्हायचा होता. तळमजल्यावरच्या सगळ्यांना आम्ही जवळच्या शाळेत हलवत होतो. अभियंता ब्रेकर मशीन घेऊन आला होता, पण नवा रस्ता फोडायला तयार नव्हता. "लेखी आदेशाशिवाय मी हात लावणार नाही, साहेब. उद्या मलाच विचारतील." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी चाळीच्या पायरीवर बसून ठाण्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. असा आदेश देण्याचा मला किती अधिकार होता, यावर पुढे खात्यात बरीच चर्चा झाली.

साडेसात झाले, आठ वाजले तरी सुपरवायझर आला नव्हता. चेंबरचं जुनं झाकण कुठे होतं ते आठवून आंटी खिडकीतून काठीने जागा दाखवत होत्या. "तिथे, नाही, थोडं इकडे." वरून तिरकं दिसत असल्याने त्यांचा अंदाज आम्हाला खाली लागत नव्हता. आम्ही एक जागा फोडायला घेतली. अर्ध्या तासाने खाली नुसती माती लागली. तेवढ्यात पाऊस आला.

सव्वानऊला सुपरवायझर गल्लीच्या तोंडाशी दिसला. छत्री नव्हती, शर्ट अंगाला चिकटलेला. उशीर का झाला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्याने विजेच्या खांबापासून पावलं मोजली, भिंतीकडे वळून पुन्हा मोजली आणि खडू चालेना म्हणून तिथे बुटाची टाच ठेवून उभा राहिला.

"इथे."

ब्रेकर सुरू झाला. पाणी घोट्यापर्यंत आलं. भोवती वाळूच्या पिशव्या रचून ते अडवलं. सव्वाअकराला लोखंडाचा आवाज आला. झाकण वर घेतलं तर खाली गटार असं काही दिसतच नव्हतं. गोठलेलं सिमेंट, त्यात रुतलेले पेव्हर ब्लॉक आणि फुटपाथच्या कडेचे दगड. अभियंत्याने आधी विषारी वायू तपासला आणि कुणालाही आत उतरू दिलं नाही. वरूनच लोखंडी आकड्यांनी आणि छोट्या ब्रेकरने काम चाललं. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. भरतीला दोन तास होते. सुपरवायझर मजुरांच्या बरोबरीने दगड ओढून काढत होता, हात सोलवटले होते.

तेव्हाच अण्णांच्या पत्नी शाळेतून परत आल्या. घरातून काहीतरी न्यायचं राहिलं होतं. त्यांनी त्याला ओळखलं. खोलीकडे न जाता त्या पाण्यातून चालत त्याच्यासमोर आल्या.

"हे इथे होतं, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, काकू."

"आणि रस्त्याचा उतार आमच्या दाराकडे आहे, ते?"

"हो."

त्यांनी एकदा आपल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हेही लिहा." आणि शाळेकडे परत गेल्या. न्यायचं होतं ते तसंच राहिलं. त्यानंतरच्या कुठल्याही जबाबात त्यांनी कडीचा विषय पुन्हा काढला नाही.

पाऊण वाजता मोठा ठोकळा सुटला. आधी काहीच झालं नाही. मग चेंबरमध्ये पाणी गोल फिरायला लागलं आणि खळाळत आत गेलं. भरतीच्या वेळी गल्लीत पाणी पुन्हा वाढलं, काही खोल्यांत वीतभर शिरलंही. पण ते तिथेच थांबलं आणि ओहोटी लागताच उतरलं. सोळा बिऱ्हाडं रात्री आपापल्या घरी जेवली.

सुपरवायझरवर आणि कंपनीच्या दोन जबाबदार माणसांवर आरोपपत्र गेलं. कंपनीच्या माणसांनी सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा प्रयत्न केला. त्याने आपला जबाब बदलला नाही. खटला अजून चालू आहे. मी साक्षीला जातो तेव्हा तो कोर्टाच्या बाकावर एकटाच बसलेला असतो.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी राग, लोभ, सूड यांच्या मागावर राहिलो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. दोन दिवसांची घाई होती आणि खालच्या घरात कोण राहतं याचा त्या घाईपुरता पडलेला विसर होता. त्या माणसाला कलमांनी बोलतं केलं नाही, आणि माझ्या कौशल्याने तर नाहीच. आमच्या नोटिशीने मेलेल्या माणसाचा 'मयत इसम' केला होता, म्हणून त्यालाही तो ओळखता आला नाही. चूक आमच्याही कागदात होती.

उरलेल्या वर्षात मी ठाण्यात एक पद्धत पाडली. चौकशीला कोणीही बसला की आधी त्याला गेलेल्या माणसाबद्दल सांगायचं. कुठे राहायचा, दिवसभर काय करायचा, घरी कोण आहे. कलमं नंतर. पुष्कळ जण तरीही खोटंच बोलले. पण पूर्वीपेक्षा कमी.