मेहुण्याने पाठवलेली रॅम

चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली. एवढं वाक्य मी वेळेवर बोललो असतो, तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

मी जळगावला शाळेत शिकवतो. शाळेची निम्मी कामं हल्ली घरी येतात. मुलांची माहिती ऑनलाइन भरा, प्रश्नपत्रिका टाइप करा. म्हणून घरी कॉम्प्युटर घेतला. तो माझ्या धाकट्या मेहुण्याने जोडून दिला. धुळ्यात त्याचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. मी चार जीबी रॅम पुरे म्हणालो होतो. बहिणीच्या घरी जाणार म्हणून त्याने आठची घातली.

कॉम्प्युटर चांगला चालला होता. मलाच राहवलं नाही. एका व्हिडिओत कोणी सांगत होतं, मेमरीचं अमुक सेटिंग बदला, वेग दुप्पट होईल. ‘जास्तीत जास्त मेमरी’च्या चौकोनात टिक करायची आणि पुढे आकडा लिहायचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दोन जीबी रॅम होती, त्याने तो आकडा लिहिला. मी बघून बघून तोच लिहिला. म्हणजे आठ जीबी असताना दोनमध्येच भागव, असं मी माझ्या कॉम्प्युटरला बजावलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर रेंगाळू लागला. माहिती काढून पाहिली तर पडद्यावर लिहिलेलं: आठ जीबी, त्यातली वापरता येण्याजोगी दोन. मी ठरवून टाकलं की मेहुण्याने जुनीपुराणी रॅम लावली. आदल्या दिवशी आपण काय केलं, हे मनात आलंच नाही. ते तर मी वेग वाढवायला केलं होतं!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी गेली, मागोमाग मीही धुळ्याला पोचलो. जेवायला सासरे, साडू आणि मी शेजारी बसलो होतो. मेहुणा आमरस वाढत होता. साडूंचे शिकवणी वर्ग आहेत.

“काय मास्तर, कॉम्प्युटर कसा आहे? मलाही क्लाससाठी घ्यायचेत. म्हटलं, घरचाच माणूस आहे.”

मेहुणा वाढता वाढता थांबला. एवढं मोठं काम त्याला तोवर मिळालं नव्हतं.

मी म्हणालो, “घ्या की. फक्त मोजून घ्या. आठ सांगतात, दोन निघतात.”

सगळे हसले. मी हसलो नाही, तेव्हा तेही थांबले.

“दाजी, असं होणार नाही,” मेहुणा म्हणाला. “मशीन घेऊन या, मी बघतो.”

“परत तुझ्याच हातात देऊ?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “मना पोऱ्या असा नई शे, जवाई.”

“तू गप ऱ्हाय,” सासरे त्यांच्यावरच डाफरले. त्या घरात जावयाला कोणी उलटून बोलत नाही. मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोललो, हे आज कबूल करतो.

आठवड्याभरात मेहुण्याने एसटीने नवी रॅम पाठवली. जुनी काढून ती बसवून घेतली, तरी पडद्यावर दोनच. मी फोन केला, “ही पण तसलीच निघाली.” पलीकडून “बरं, दाजी,” एवढंच. साडूंनी कॉम्प्युटर दुसरीकडून घेतले.

गणपतीच्या सुट्टीत मी पुन्हा वेग वाढवायच्या खटपटीला बसलो. तीच सेटिंगची खिडकी उघडली. टिक माझी, आकडाही माझाच. टिक काढली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आठच्या आठ जीबी हजर, आणि सगळं झटपट उघडू लागलं.

बायकोने विचारलं, “कसा काय सुधारला?”

“एक सेटिंग बदललं.”

“म्हणजे रॅम चांगली होती?”

मी फाइल शोधायचं नाटक केलं. तिने पुन्हा विचारलं नाही. नंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली, आणि मी कामात असल्यासारखा. ही गप्प राहण्याची चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पहिली अडाणीपणाने झाली होती. दुसरी मी रोज सकाळी उठून नव्याने करत होतो.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, “त्याला फोन करून टाकतो.”

“बोललात कुठे? सगळ्यांच्या पंगतीत. मग माफी कानात कशाला?”

भाऊबीजेला धुळ्याला गेलो. साडूही आले होते. तिने भावाला ओवाळलं, तो पाटावरून उठायच्या आत मी उभा राहिलो. “आबा, कॉम्प्युटरचं जरा बोलायचं होतं.”

“जाऊ द्या पाहुणे,” सासरे म्हणाले. “सणाच्या दिवशी काय ते!”

“सणाच्याच दिवशी बोललो होतो, आबा.” मी साडूंकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. “तुझी रॅम चांगली होती. पहिलीही आणि नंतर पाठवलीस तीही. कॉम्प्युटर मी स्वतः बिघडवला आणि नाव तुझं घेतलं. ते कळल्यावरही गप्प बसलो. तुझं काम माझ्यामुळे गेलं, ते मला परत आणून देता येणार नाही. मी तुझ्यापेक्षा मोठा आहे, जावई आहे, म्हणून तू ऐकून घेतलंस. मला माफ कर.”