राइट फील्डला दुसरा

एक डोळा बारीक करायचा, उजवा तळहात पुढे धरून जरासा वरखाली करायचा, टोमॅटो तोलून बघावा तसा, आणि शांतपणे सांगायचं, "दुसरा." समोरचा बिचारा सकाळभर घाम गाळून खेळलेला असायचा. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. काका मात्र थर्मासमधला चहा ओतून घ्यायला मोकळे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कुणाची मुलगी वर्गात कितवी, कुणाची गाडी कुणापेक्षा मोठी, हे ठरवल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही. आमचे काका त्यातले नव्हते. ते नंबर लावायचे, पण त्यात त्यांचा स्वतःचा काडीचा फायदा नसायचा. उलट तोटाच झाला, तो कसा ते सांगतो.

आखातातल्या रुवैसच्या कंपनी कॉलनीतली गोष्ट, नव्वदच्या दशकातली. काका मूळचे सांगलीचे, स्टोअर्समध्ये. मी इन्स्ट्रुमेंटमध्ये. एका बाजूला रिफायनरी, दुसऱ्या बाजूला समुद्र, उरलेली वाळू आपली. तिथे आमच्या डोक्यावर एक अमेरिकन मॅनेजर आला आणि त्याने जाहीर केलं की शुक्रवारी सकाळी बेसबॉल. अप्रेझल त्याच्या हातात होतं. त्यामुळे कोल्हापूरपासून कोचीपर्यंतच्या तमाम इंजिनियरांना लहानपणापासून बेसबॉलचंच वेड होतं, हे आम्हाला त्या एका आठवड्यात कळलं.

खेळायला लागलो तेव्हा बोंब. आम्ही सगळे जन्माचे क्रिकेटवाले. बॅट टाकून पळायच्या ऐवजी बॅट घेऊन पळायचो आणि बेस आला की ती वाळूत टेकवायचो. हातमोजा घालून झेल घ्यायची लाज वाटायची. सगळ्यात जड गेलं ते सक्तीचं पळणं. क्रिकेटमध्ये चेंडू मारून निवांत उभं राहता येतं. इथे चांगला मारला की पहिल्या बेसकडे पळायचंच, आणि तिथल्या माणसाच्या हातात चेंडू तुमच्या आधी पोचला की खलास. आमच्यातले निम्मे लोक चेंडू मारून तो कुठे गेला ते बघत उभे राहायचे. मॅनेजर कपाळाला हात लावायचा.

कुणाला कुठे उभं करायचं, हे त्याने काकांवर सोपवलं. स्टोअर्सचा माणूस, कुठली वस्तू कुठल्या रॅकवर हे याला कळणारच, असा त्याचा हिशेब. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की प्रत्येक जागेचा पहिला, दुसरा, तिसरा ठरू लागला. खेळ संपला की सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. अप्रेझल वर्षातून एकदा, आणि त्यात काय लिहिलंय त्यावर लिहिणाऱ्याचाही विश्वास नसायचा. काका दर शुक्रवारी तोंडावर सांगायचे. धास्ती त्यांचीच जास्त.

पुढे मॅनेजर आपल्या देशी परत गेला. बेसबॉल चालूच राहिला, कारण बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या जागी हैदराबादचा एक पोरगेला इंजिनियर पिचिंग करायला लागला. काय फेकायचा! काकांनी तळहात तोलला आणि म्हणाले, दुसरा. पहिला कोण? तर मॅनेजर. अहो, तो गेला ना? काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "गेला म्हणून काय झालं?"

इथे आमचं डोकं फिरायचं. तिसऱ्या बेसला मी दुसरा. पहिला कोण, तर कॅनडात जाऊन दारातला बर्फ उपसत बसलेला एक पुणेकर. मी त्याच्यापेक्षा बरा खेळायचो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण माणूस विमानात बसला की काकांच्या आठवणीत त्याचा खेळ सुधारायचा, त्याला आम्ही काय करणार?

हे लोण घरात शिरायला वेळ लागला नाही. मुलं गणपतीतल्या फॅन्सी ड्रेसनंतर "अंकल, व्हॉट्स माय रँक?" करत त्यांच्यामागे फिरायची. मोदकांत माझी बायको दुसरी आली. पहिल्या होत्या न्यूझीलंडला गेलेल्या एक वहिनी. "त्यांचे मोदक फुटायचे हो, सारण बाहेर यायचं," असं ही चार दिवस मलाच ऐकवत होती, जणू ते मी केले होते. काकूंचा मोदकांत तिसरा नंबर. त्या म्हणाल्या, नवऱ्यांत यांचा कितवा ते मी अजून सांगितलेलं नाही.

एकदा मात्र मी भांडायलाच स्टोअर्समध्ये गेलो. फलंदाजामागे चेंडू अडवणाऱ्या आमच्या कॅचरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, त्या दिवशी तो निघाला होता. त्याच्या घरातलं कंपनीचं सामान परत येऊन पडलं होतं, सोफा, फ्रिज, पलंग. दारावरची नावाची पाटीसुद्धा होती, स्क्रूसकट. काका सोफ्याची गादी झटकत होते. म्हटलं, काका, आता तरी गेलेल्यांना काढा, राहिलेल्यांना वर सरकू द्या.

"अरे, सोफा मी परत घेतो," काका म्हणाले. "फ्रिज घेतो, किल्ली घेतो. आठवड्यात त्याच्या फोनवर दुसराच कुणी हॅलो म्हणतो. एवढं सगळं घेतल्यावर नंबर कुठल्या तोंडाने मागू?"

मी भांडण तिथेच टाकून चहा प्यायलो.

काका स्वतः राइट फील्डला, म्हणजे फलंदाजाच्या उजव्या हाताला लांब. तिकडे चेंडू जवळपास येतच नसे. टोपीवर रुमाल बांधून ते तिथे इमानदारीत उभे राहायचे. त्या जागेचा पहिला होता केरळचा एक वेल्डिंग इन्स्पेक्टर. जाण्याआधी त्याने पाठमोरं पळत एका हाताने एक कॅच घेतला होता. काका दुसरे. स्वतःला पहिला नंबर देऊन टाका की, असं आम्ही चिडवायचो. ते म्हणायचे, चेंडू यायला हवा.

मग काका साठीला आले. साठी म्हणजे व्हिसा संपला, सामान बांधा. काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, "बोलणार नाहीत, पण मनात आहे. इतकी वर्षं उन्हात उभे आहेत. एकदा पहिला म्हणवून जाऊ दे." आम्ही सगळ्यांनी ठरवलं, शेवटच्या शुक्रवारी चेंडू काकांकडेच मारायचा.

ठरवणं सोपं होतं. हैदराबादी बाबा आंजारून गोंजारून चेंडू टाकत होता, आणि जो येईल तो सवयीने डावीकडे मारत होता. शेवटी मी. डोळे मिटून बॅट फिरवली आणि कसा कोण जाणे, चेंडू उंच उडून उजवीकडे निघाला. थेट काकांकडे. काकू थर्मास हातात धरून उभ्या राहिल्या. काका दोन पावलं मागे, एक पुढे, हात वर.

चेंडू हातमोज्यात बसला आणि बाहेर पडला.

काकांनी तो उचलला आणि होता तेवढा जोर लावून फेकला. वाळूत तीन टप्पे पडून तो पहिल्या बेसवाल्याच्या हातात गेला, आणि तो ओरडला, आउट! कोण आउट? मी. इतक्या वर्षांनंतरही मी बॅट घेऊन, चेंडू कुठे गेला ते बघत जागच्या जागी उभा होतो. मग काय दंगा झाला! सगळे काकांकडे धावले, पहिला, काका, पहिला!

काकांनी एक डोळा बारीक केला. तळहात तोलला.

"कॅच सुटला. पळणारा पळालाच नाही. याला आउट नाही म्हणत, शेजारधर्म म्हणतात. दुसरा."

वाईट वाटलं. रागही आला त्यांचा. एवढं सोन्यासारखं ताट वाढून पुढे ठेवलं, आणि हा माणूस उपास आहे म्हणून उठला. पुढच्या बुधवारी त्यांचा सोफा स्टोअर्समध्ये आला. दुसऱ्याच कुणीतरी तो परत घेतला.

शुक्रवारी राइट फील्डला नवा माणूस होता, नागपूरचा, हरणासारखा पळणारा. दोन कॅच घेऊन आला आणि आमच्या घोळक्यात उभा राहून म्हणाला, इथे म्हणे नंबर सांगतात, माझा कितवा? सगळे एकेक करून माझ्याकडे बघायला लागले. माझा एक डोळा आपोआप बारीक झाला.

"तिसरा," मी म्हणालो.

तो हसला. दुसरा कोण, म्हणाला.

"सांगलीचे एक होते," मी म्हटलं. "काय थ्रो होता त्यांचा."

"एकही टप्पा पडला नाही," पहिल्या बेसवाला म्हणाला. "सरळ हातात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकूंचा थर्मास आता आमच्या घरी होता. मी त्यातला चहा ओतायला घेतला.