टाळीवाली मावशी

आमची मावशी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. तान्ह्या बाळाच्या कानामागे फाडकन टाळी वाजवायची आणि बाळ दचकलं की आईला सांगायची, "ऐकतंय हो, खणखणीत!" वॉर्डभर तिला टाळीवाली मावशी म्हणत आणि ती मान ताठ करून मिरवत असे.

मग दवाखान्यात कान तपासायचं मशीन आलं, आणि ते चालवणारी एक पोरगी. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीकशी नळी ठेवायची, की उत्तर पडद्यावर. बायका विचारू लागल्या, "मशीनवाल्या ताई कधी येणार?" मावशीच्या अंगाचा तिळपापड! घरी जेवताना तोंडी लावायला रोज तीच.

"तपासतं मशीन. ही नुसती धरते. धरायला काय, खुंटीसुद्धा धरते!"

"खुंटीला टाळी वाजवता येते का गं?" मी विचारलं. माझ्या ताटाकडे निघालेली भाजी परत पातेल्यात गेली.

मशीनला शांतता लागते हे कळल्यापासून मावशीला नेमक्या तपासणीच्या वेळी खोलीबाहेर बादल्या सरकवायची हुक्की यायची. गोंगाटात मशीन 'पुन्हा तपासा' म्हणायचं आणि हिचा चेहरा उजळायचा.

एकदा शिंप्याच्या सुनेच्या बाळाला तेच उत्तर आलं. मावशीने टाळी वाजवली, बाळ दचकलं. "जा गं घरी, काही झालेलं नाही." सून गेली.

"आज बाहेर चिडीचूप होतं, मावशी," पोरगी म्हणाली. "जरा डोळे मिटा." तिने मावशीच्या गालाजवळ दोन्ही तळवे वेगाने जवळ आणले, पण एकमेकांना लागू दिले नाहीत. आवाज शून्य. तरी गालाला वारा लागून मावशी दचकली.

हे मला मावशीनेच सांगितलं, अर्थात पोरीच्या नावाने बोटं मोडत.

पण ड्युटी संपताच ती शिंप्याच्या दारात उभी राहिली. "माझं चुकलं. बाळाला परत आणा."

सासू उखडली, "सकाळी बरं म्हणता, संध्याकाळी आजारी? भरवसा काय तुमचा?"

"नका ठेवू माझ्यावर. तिच्यावर ठेवा," मावशी म्हणाली. हे वाक्य तिला औषधासारखं गिळावं लागलं असणार.

दुसऱ्या दिवशी बाळाला तिनेच झोपवलं. दारात पहाराही तिनेच दिला. दोन्ही कानांचं उत्तर तेच आलं. आता मोठ्या इस्पितळात पुढची तपासणी, आणि ती लवकर व्हायला हवी.

सून रडवेली होऊन पोरीला म्हणाली, "ताई, तुम्ही याल ना बरोबर?"

"ती कशाला?" मावशी मध्येच म्हणाली. "मी येते. दोन तासांच्या बसमध्ये पोर झोपवायला हिचं मशीन येणार आहे का?"