बोडक्या डोक्याचं स्थळ

माझं लग्न पहिल्यांदा मोडलं ते एका टोपीमुळे. म्हणजे नसलेल्या टोपीमुळे.

तळा गावाहून मला बघायला आलेलं स्थळ बोडक्या डोक्यानं आमच्या दिवेआगरच्या अंगणात शिरलं. मुलगा आईच्या लांबच्या नात्यातला, फिरत्या तंबू-सिनेमात नोकरीला. केसांना तेल चोपडून ते मागे वळवलेले, अगदी मुंबईची फॅशन. बाबा ओटीवर सुपारी सोलत बसले होते, ते उठलेसुद्धा नाहीत. "मी अजून जिता हाय," एवढंच म्हणाले. आमच्याकडे पुरुष बोडका दिसला की समजायचं, घरात कोणीतरी गेलं. स्थळ पोहे खाऊन परत गेलं. मला तो आवडला होता. तसं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला इचारलाय कोणी?"

शिमग्यानंतर तोच तंबू आमच्या गावात आला. सिनेमे तेव्हा मुके. पडद्यावर इंग्रजी पाट्या यायच्या आणि शेजारी उभं राहून त्या मराठीत ओरडून सांगायच्या, ही त्याची नोकरी. बाबांना त्यानं फुकट पास पाठवला. फुकट म्हटल्यावर बाबा गेले, पण नाक मुरडत. ते पहिल्या रांगेत, मी मागे बायकांत. हा माणूस बाबांसमोर तोंडघशी पडला तर माझं लग्न कायमचं बुडालं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आता आमच्याकडे खेळ म्हटला की आधी गण. गणपती येणार, नाचणार, मग पुढचं सगळं. इथे दिवे मालवले आणि पडद्यावर आला एक ढेरपोट्या साहेब, टेबलाशी बसून खाणारा. पुढच्या म्हाताऱ्यांनी सवयीनं हात जोडले. त्यांचंही काय चुकलं? पोट होतं, खाणं होतं, फक्त सोंड नव्हती.

"मंडळी, हा गुंडांचा शेठ!" आमचं स्थळ ओरडलं. "बोटातल्या अंगठ्या बघा! सगळं शहर ह्याच्या मुठीत!" जोडलेले हात गुपचूप सुटले. मग दार उघडून काळ्या कोटातले चौघे आत आले, शेठपुढे ओळीनं उभे राहिले आणि चौघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"शेठला मान देताहेत! हे त्याचे इमानी..."

"कसला मान!" बाबा उठून उभेच राहिले. "टोप्या काढल्यान! म्हातारा मेला!"

तंबूत हशा पिकला.

"मामा, तो जेवतोय," स्थळ म्हणालं.

"जेवूंदे. मयत झालाय. त्याला अजून कोणी सांगितलान न्हाय!"

माझ्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हळहळायला लागली. तेवढ्यात चौघांतल्या एकानं कोटातून पिस्तूल काढलं. धूर झाला आणि शेठ ताटात पालथा पडला.

सगळा तंबू पडद्याऐवजी बाबांकडे बघायला लागला. बाबांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हा खून आपणच पार पाडल्याच्या रुबाबात खाली बसले. दुसरा कोणी असता तर साहेबांच्या रीतीभाती समजावत बसला असता. हा पठ्ठ्या मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "मामा, चुकलो. पुढचं तुम्हीच सांगा."

"सांगायचाय काय? गण न्हाय, म्हंजे देव न्हाय ह्या खेळात. सगळे चोर. आता एकमेकांना खातील."

त्यांनी तसंच एकमेकांना खाल्लं. शेवटपर्यंत हा विचारत राहिला आणि बाबा सांगत राहिले. पाट्या कोणी वाचल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आमच्या अंगणात आला. डोक्यावर काळी टोपी, पार कानांपर्यंत उतरलेली.

"कोणाची?" बाबांनी विचारलं.

"तंबूतल्या मशीनवाल्याची."

"मोठी होतेय."

"डोकं वाढेल, मामा."

बाबांनी सुपारीचं सूप बाजूला सरकवून त्याला जागा केली. मी दाराआड इतक्या जोरात हसले की आईनं चिमटा काढला.

लग्नात बाबांनी जावयाला मापाची टोपी दिली. पुढे बोलपट आले, ह्यांची ओरडायची नोकरी गेली, दुसरी लागली. टोपी मात्र डोक्यावरून हलली नाही. नव्या नोकरीतले लोक ह्यांना भटजी म्हणून चिडवायचे. हे हसायचे.

मग एका पावसाळ्यात दिवेआगरहून निरोप आला की बाबा तापानं आजारी आहेत. माझे दिवस भरत आलेले, म्हणून हे एकटेच गेले. परत आले तेव्हा मी तळ्याच्या घरात तांदूळ निवडत होते. फाटकाची कडी वाजली, मी मान वर केली. हे अंगणातून येत होते, भिजलेले केस कपाळावर, टोपी हातात.

"टोपी घाला आधी!" मी ओरडले. "घाला म्हणते ना!"

ह्यांनी घातली नाही.